बहात्तर गुणांचा रिता हंगाम

युरोपातील फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो, आणि या काळात जर्मनीतील अग्रगण्य संघ चार विजेतेपदांसाठी झुंजत असतो: अठरा संघांची साखळी स्पर्धा असलेली बुंडेसलिगा, खालच्या श्रेणींतील संघांनाही सामावून घेणारी बाद पद्धतीची जर्मन कप स्पर्धा, मागील हंगामातील विजेत्यांमध्ये होणारा एकच सामना म्हणजे सुपर कप, आणि युरोपातील बलाढ्य संघांची चॅम्पियन्स लीग. म्युनिकच्या बायर्न संघाला २०२३-२४ मध्ये यांपैकी एकही करंडक मिळाला नाही. २०११-१२ नंतर या क्लबवर अशी वेळ प्रथमच आली, आणि मधल्या काळात, २०१३ ते २०२३, त्याने बुंडेसलिगा सलग अकरा वेळा जिंकलेली असल्यामुळे हे अपयश अधिकच ठळकपणे डोळ्यांत भरले.

परंतु या अपयशाचे मोजमाप करताना गुणतक्ता नीट वाचला पाहिजे. साखळीत प्रत्येक संघ ३४ सामने खेळतो. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण मिळतो. २०२३-२४ मध्ये बायर्नने ७२ गुण मिळवले आणि तो तिसरा आला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र ७१ गुणांवरच तो विजेता ठरला होता. त्या विजेतेपदाचा निकालही अखेरच्या दिवशी लागला: प्रतिस्पर्धी डॉर्टमुंडला माइन्झविरुद्ध २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली, कोलोनमध्ये बायर्नच्या जमाल मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल केला, आणि गुण समसमान असल्यामुळे, केलेल्या व स्वीकारलेल्या गोलांतील फरकाच्या आधारे करंडक म्युनिककडे गेला. म्हणजे बायर्नची साखळीतील कमाई जवळपास तेवढीच राहिली होती. बदलले होते ते प्रतिस्पर्धी. शाबी अलोन्सो यांच्या मार्गदर्शनाखाली लेव्हरकुझेनने एकही सामना न गमावता, २८ विजय आणि सहा बरोबरींसह ९० गुण मिळवून आपल्या इतिहासातील पहिले विजेतेपद पटकावले, आणि पाच सामने शिल्लक असतानाच ते निश्चितही केले. याचे श्रेय लेव्हरकुझेनला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. सारी चर्चा बायर्नच्या चुकांपुरती मर्यादित ठेवणे हा त्या संघावर अन्याय ठरेल.

तरीही बायर्नचा दोष नव्हता असे नाही. बुंडेसलिगात सर्वाधिक, म्हणजे ९४ गोल याच संघाने केले, आणि टॉटनहॅमहून आलेल्या हॅरी केन या आघाडीच्या खेळाडूने त्यांतील ३६ गोल एकट्याने नोंदवले. इतके असूनही हाती आलेली आघाडी संघाला टिकवता येत नव्हती, आणि हाच या हंगामाचा खरा आजार होता. जर्मन कपच्या दुसऱ्या फेरीत, १ नोव्हेंबर २०२३ रोजी, तिसऱ्या श्रेणीतील सारब्र्युकेनविरुद्ध थॉमस म्युलरने सुरुवातीलाच गोल केला होता. मात्र मध्यंतरापूर्वी बरोबरी झाली आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून वाढवलेल्या सहाव्या मिनिटाला मार्सेल गाउसने बायर्नला स्पर्धेबाहेर घालवले. फेब्रुवारीत लेव्हरकुझेन, रोमचा लाझिओ आणि बोखुम यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाल्यानंतर, हंगामाच्या शेवटी प्रशिक्षक थॉमस टुखेल क्लब सोडतील, असे जाहीर करण्यात आले.

सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव माद्रिदमध्ये झाला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत दोन्ही संघ एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळतात आणि दोहोंतील गोलांची बेरीज धरली जाते. म्युनिकमध्ये रेआल माद्रिदशी २-२ अशी बरोबरी झाली होती. ८ मे २०२४ रोजी परतीच्या सामन्यात अल्फोन्सो डेव्हिसने बायर्नला आघाडी मिळवून दिली आणि गोलरक्षक मानुएल नॉयर एकामागून एक फटके अडवत अभेद्य वाटू लागला. सामना संपण्यास दोनच मिनिटे उरली असताना मात्र रेआलच्या व्हिनिसियसचा फटका त्याच्या हातांतून निसटला आणि समोर धावून आलेल्या होसेलूने तो चेंडू जाळ्यात ढकलला. काही क्षणांतच त्याच होसेलूचा दुसरा गोल झाला. त्यानंतर बायर्नच्या एका चढाईत साहाय्यक पंचाने ऑफसाइडसाठी, म्हणजे पास दिला जात असताना आक्रमक खेळाडू बचावफळीच्या पुढे असल्याच्या नियमभंगासाठी, झेंडा उंचावला. पंचांनी लगेच शिट्टी वाजवली, आणि नंतर मथाइस डे लिख्टने चेंडू जाळ्यात धाडला असला, तरी शिट्टीने खेळ आधीच थांबल्यामुळे त्या निर्णयाची चित्रफितीवरून फेरतपासणी होऊ शकली नाही. घाईने वाजलेल्या त्या शिट्टीबद्दल बायर्नने केलेली तक्रार रास्त होती. पण ८८व्या मिनिटापर्यंत सामना त्यांच्याच हातात होता, हेही तितकेच खरे.

बुंडेसलिगाच्या अखेरच्या दिवशी होफेनहाइममध्ये बायर्नने पहिल्या सहा मिनिटांतच दोन गोल केले. दुसरे स्थान राखण्यासाठी ही आघाडी पुरेशी ठरायला हवी होती. सामना मात्र ४-२ असा हातचा गेला, आणि त्याच दिवशी एका गुणाने पुढे सरकून स्टुटगार्ट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले.