मुठीचा पाठीराखा

आळेफाट्याजवळच्या राजुरीत, दुग्धव्यवसायासाठी जुन्नर तालुक्यात नावाजलेल्या त्या गावी, ज्या गोठ्यात अजून यंत्र आलेले नाही तेथे धार काढणाऱ्या बाईचा हात निरखून पाहिला, तर ध्यानात येते की सड मुठीत धरून वरून खाली एकेक बोट आवळीत जाताना तिचे मनगट तळव्याकडे झुकत नाही, तर किंचित मागे वळून स्थिर राहते. बोटे मिटविणाऱ्या स्नायूंच्या कंडरा मनगट ओलांडूनच बोटांत जात असल्यामुळे त्यांनी मनगटही दुमडावे हे क्रमप्राप्त होते. तसे घडू न देण्याची कामगिरी प्रामुख्याने अग्रबाहूच्या पाठीमागील एका आखूड स्नायूकडे आहे, व त्याचे शास्त्रीय नाव ‘एक्स्टेन्सर कार्पाय रेडिॲलिस ब्रेव्हिस’.

कोपराच्या बाहेरील अंगास बोटांना लागणारा जो हाडाचा उंचवटा, तेथे हा स्नायू उगम पावतो आणि पुढे कंडरेचे रूप घेऊन, मनगटाच्या पाठीवरून, मधल्या बोटाच्या रेषेतील तळहाताच्या हाडाच्या बुडाशी जाऊन चिकटतो. त्याला हुकूम पोहोचविणारा रेडियल मज्जातंतू निकामी झाला, की मनगट लुळे होऊन खाली लोंबते आणि बोटे मिटविणारे स्नायू शाबूत असूनही मुठीत जोर उरत नाही. वाचकांनी मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी, म्हणजे बळ कसे ओसरते याचा प्रत्यय येईल. कारण तशा स्थितीत बोटांचे स्नायू आधीच आखडलेले असतात व त्यांना ओढ घेण्यास वाव राहत नाही.

धार काढणे, खुरपणे, धुणे पिळणे, या प्रत्येक आवळणुकीबरोबर याच स्नायूच्या उगमावर ताण पडतो आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने तेथील कंडरेचे तंतू झिजले, म्हणजे साधा तांब्या उचलतानाही कोपर ठणकते. या विकारास ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. सचिन तेंडुलकरला 2004 साली तो जडला व 2005 साली शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. तथापि 1873 साली रुंगे या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन केले, ते लेखणी चालविणाऱ्या हातासंबंधाने. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेवाचून, साधारण वर्षभरात शमते; मात्र त्यासाठी हातावरील भार हलका करणे, कामात हातपालट करणे व वैद्यकीय सल्ल्याने मनगटाचा व्यायाम हळूहळू वाढविणे अगत्याचे असते. खेळाडूच्या कोपराची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढीच गोठ्यातल्या आणि शेतातल्या कोपराची वाहिली जाणे हा त्या श्रमाचा हक्क आहे.