मत फ्लॅटला नाही, सभासदाला

"आमचे दोन फ्लॅट, म्हणजे दोन मतं," हे वाक्य सोसायटीच्या वार्षिक सभेत हमखास ऐकू येतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार मात्र एका सभासदाला एकच मत, फ्लॅट कितीही असोत. विधानसभेच्या मतदानात तीन घरांच्या मालकाच्याही बोटाला एकदाच शाई लागते, तसंच हे.

खरा घोळ होतो जोडनावांचा. घर पती-पत्नी दोघांच्या नावे असलं तरी मत एकच. शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीने दिलेला भागांचा दाखला) ज्याचं नाव पहिलं, त्याने ते द्यायचं. तो सभेला नसेल तर हजर असलेल्या दुसऱ्याने. तेव्हा कपाटातला तो दाखला एकदा काढून पाहावा. बऱ्याच घरांत पहिलं नाव अजून वारलेल्या वडिलांचंच असतं! जुना फ्लॅट विकत घेतलेल्यांनीही लक्षात घ्यावं, की नुसत्या खरेदीखताने सभासदत्व मिळत नाही, त्यासाठी सोसायटीकडे अर्ज करावा लागतो. नॉमिनल मेंबरला (नाममात्र सभासद, उदाहरणार्थ भाडेकरू) मत नसतं. आणि "मी गावी चाललोय, माझं मत शेजारच्या काकांना," अशी प्रॉक्सीही (आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणं) चालत नाही.