गर्दीच्या कडेला सायकल

लेखमाला : बंदोबस्त | लेखांक ६

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग लागली की महाद्वार रोडवर पोलिसांची गाडी आत घालायला जागा उरत नाही. बोलेरोची रुंदी पावणेदोन मीटर. एका बाजूला फेरीवाले, दुसऱ्या बाजूला परगावच्या भाविकांचे घोळके आणि मधून दुचाकी रेटणारे आपण स्थानिक. अशा रस्त्यात ती गाडी शिरली तर पहिली कोंडी तिचीच होणार. म्हणून गाडी बिनखांबी गणेश मंदिराच्या किंवा पापाच्या तिकटीच्या अलीकडे थांबवायची आणि पुढे चालत जायचे, एवढाच मार्ग उरतो. मागच्या लेखांकात बॅरिकेड लावून गर्दीला वळण कसे देतात ते पाहिले. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गाडी जिथे पोहोचत नाही आणि चालत जाणारा जिथे उशिरा पोहोचतो, तिथे पोलिसाने जायचे कशावरून? जगातल्या अनेक शहरांनी याला ‘सायकलवरून’ असे उत्तर दिले आहे. कोल्हापूरला ते कुठे लागू पडते आणि कुठे अजिबात पडत नाही, ते पाहू.

पोलिसांच्या हाती सायकल आली ती मोटारीच्या आधी. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्त मंडळाचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत तिथे सायकलस्वार पोलिसांचे पथक उभे राहिले. भरधाव सायकली हाकणाऱ्यांना अडवणे आणि उधळलेल्या घोडागाड्या आवरणे हे त्या पथकाचे काम. २० मे १८९९ रोजी जेकब जर्मन नावाच्या टॅक्सीचालकाला याच शहरात अटक झाली. विजेवर चालणारी आपली गाडी त्याने ताशी १२ मैलांनी, म्हणजे सुमारे १९ किलोमीटरच्या वेगाने पळवली होती. त्याला गाठून पकडणारा पोलीस सायकलवर होता.

आपल्याकडच्या पोलिसाने सायकल घेतली ती परवडते म्हणून. बीटावर जायचे, समन्स बजावायचे, रात्रगस्त घालायची, ही सगळी कामे सायकलवरच व्हायची. गंमत अशी की पोलिसाच्या कारवाईचा नेहमीचा विषयही सायकलच होती. नगरपालिकेचा बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, कॅरियरवर डबल सीट, एवढ्यावरून महाराष्ट्रातल्या शहरांत चौकाचौकांत सायकली अडवल्या जात. चाकातली हवा सोडून पायी घरी धाडणारा हवालदार साठीतल्या वाचकांना आठवत असेल. पुढे मोटारसायकली आल्या आणि बीट मार्शल त्यांच्यावर फिरू लागले. सरकारी कागदांत मात्र सायकल बराच काळ टिकून होती. उत्तर प्रदेशात पोलिसांना २०२२ पर्यंत २०० रुपये सायकल भत्ता मिळत होता. त्या वर्षी तो बंद करून ५०० रुपये मोटारसायकल भत्ता जाहीर झाला. सायकल म्हणजे जुनाट, गरिबीतली सोय, असा समज खात्यात आणि लोकांत का रुजला, ते यावरून कळते.

आधुनिक सायकल गस्तीची सुरुवात मात्र एका उकरलेल्या रस्त्यावर झाली. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या मध्यवस्तीत बसच्या भुयारी मार्गाचे खोदकाम सुरू होते. वाहतूक तुंबलेली, पोलिसांच्या गाड्या त्यात अडकून पडलेल्या. कॉल आला तरी घटनास्थळी वेळेत पोहोचता येईना. तेव्हा पॉल ग्रेडी आणि माइक मिलर हे दोन पोलीस माउंटन बाइकवरून गस्तीला निघाले. जाड टायरच्या या सायकली फुटपाथवर चढत, पायऱ्या उतरत आणि तुंबलेल्या गाड्यांमधून वाट काढत. प्रयोग यशस्वी झाला आणि इतर शहरांनी तो उचलला. १९९२ मध्ये अशा पोलिसांना प्रशिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. तिथे शिकवतात ते जोरात पळवणे नव्हे. अगदी हळू चालवताना तोल सांभाळणे, अरुंद जागेत वळणे, अचानक ब्रेक दाबणे आणि सायकल पुरती थांबायच्या आत उतरून माणसाला सामोरे जाणे, यावर सगळा भर असतो.

याचा उपयोग का होतो, हे साध्या हिशेबाने समजते. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, सायकल रमतगमतही पंधरा जाते. म्हणजे त्याच पाळीत तिप्पट रस्ता नजरेखालून जातो. मोटारसायकल याहून पुष्कळ जास्त अंतर कापते, पण इंजिनाचा आवाज आणि कानावरचे हेल्मेट यांमुळे बोळातली कुजबुज, फुटलेली काच, कुणाची हाक हे काहीच ऐकू येत नाही. शिवाय तिचा आवाज पोलिसाच्या आधी पोहोचतो आणि ज्याला पळायचे तो पळतो. अमेरिकी संशोधक ख्रिस मेंटन यांनी काही शहरांत गस्तीसोबत फिरून पोलिसांचा लोकांशी किती वेळा संबंध येतो, याची मोजदाद केली. सायकलवरच्या पोलिसाचा लोकांशी येणारा संबंध गाडीतल्या पोलिसाच्या दुपटीहून जास्त भरला. कुणी पत्ता विचारते, कुणी तक्रार सांगते, कुणी नुसता नमस्कार करते. काच वर केलेल्या गाडीला कुणी हात दाखवून थांबवत नाही.

गस्तीत सायकल उपयोगी पडते, हे यावरून मान्य करायला हरकत नाही. गर्दीच्या बाबतीत मामला गुंतागुंतीचा आहे. १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध सिएटलमध्ये मोठी निदर्शने झाली आणि सायकली गर्दी आवरायला वापरल्या गेल्या. पद्धत अशी : पोलीस उतरतात, सायकली आडव्या धरून चाकाला चाक भिडवतात आणि त्यांच्यामागे उभे राहतात. क्षणात हलते कुंपण तयार होते. इशारा मिळाला की सगळे एकदम सायकल उचलून पाऊलभर पुढे टेकवतात आणि जमाव पाऊलभर मागे सरतो. बॅरिकेड आणायला ट्रक लागतो, हे कुंपण मात्र पोलिसांसोबत स्वतःच चालत येते.

पण हेच कुंपण हत्यारही होऊ शकते. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकाभर आंदोलने झाली. पोलीस निदर्शकांना सायकलींनी ढकलत असल्याची दृश्ये तेव्हा जगाने पाहिली. सिएटलमध्ये तर जमिनीवर पडलेल्या निदर्शकाच्या डोक्यावरून पोलिसाने सायकलचे चाक नेले. त्याच वर्षी फुजी सायकलींच्या अमेरिकी वितरक कंपनीने पोलिसांसाठीच्या सायकलींची विक्री थांबवली. लोकांत मिसळण्यासाठी आणलेले वाहन लोकांवर रेटले गेले, की वर्षानुवर्षे जमवलेला विश्वास एका संध्याकाळी संपतो.

आता कोल्हापूरकडे वळू. विसर्जन मिरवणुकीचा मुख्य मार्ग खासबाग, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी आणि गंगावेश असा. मिरवणूक चोवीस तासांच्याही पुढे जाते. ऐन रात्री महाद्वार रोडवर जी दाटी होते, तिच्यात सायकल घालणे म्हणजे वेडेपणा. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसे झाली की कुणाचे पाऊल स्वतःच्या मर्जीने पडत नाही, गर्दी नेईल तिकडे जावे लागते. तिथे आडवी सायकल म्हणजे अडखळून पडायचे निमित्त, आणि एक पडला की त्याच्यावर दहा. सिएटलचे कुंपण रुंद रस्त्यावरच्या, समोरासमोर उभ्या ठाकलेल्या जमावासाठी आहे. आपली गर्दी बहुतेक वेळा भाविकांची, हौशी लोकांची आणि बायकापोरांची असते. तिला मागे रेटायचे नसते, पुढे सरकायला वाट मोकळी करून द्यायची असते. त्यासाठी दोरखंड, बॅरिकेड, ध्वनिक्षेपक आणि ठिकाणावर उभा असलेला पोलीस हेच उपयोगी.

सायकलीचे खरे काम त्या दाटीच्या कडेला आहे. महाद्वार रोडला फुटणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा : ताराबाई रोड, जोतिबा रोड, गुजरी, शिवाय पेठांतले बोळ. गर्दी फुगते ती या तोंडांशी. कुणीतरी आडव्या लावलेल्या दुचाकींमुळे बोळ बंद होतो, रुग्णवाहिकेची वाट अडते, हरवलेले पोर एका तिकटीवर रडत असते आणि आई दुसऱ्या तिकटीवर शोधत असते. अष्टमीला अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, ललितापंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीकडे जाते. गर्दी एका जागी नसते, सरकत असते. तिच्या पुढे जाऊन पुढचा बोळ मोकळा आहे का, हे पाहून वायरलेसवर सांगणारे दोन सायकलस्वार पोलीस असतील तर मागच्या साहेबांना निर्णय घ्यायला दहा मिनिटे जास्त मिळतील. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना संपला की पाठीराखे घोषणा देत आपापल्या पेठेकडे निघतात. तेव्हाही व्हॅन एकाच चौकात उभी राहते, बाचाबाची होते ती आतल्या गल्लीत.

अर्थात, सगळ्या दुखण्यांवर हे औषध नाही. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर बंद झाले, शिवाजी चौकात जमाव उसळला, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. अशा दुपारी सायकल घेऊन जमावापुढे जाणे म्हणजे पोलिसाचा जीव धोक्यात घालणे. तिचा उपयोग असलाच तर त्याआधीच्या महिन्यांत. कोणत्या तालमीतल्या पोरांचा शब्द चालतो, कोणत्या कट्ट्यावर काय बोलले जाते, अफवा उठली तर पहिला फोन कुणाला करायचा, हे ठाऊक असलेला बीट अंमलदार रोज त्या गल्लीतून सावकाश गेलेला असावा लागतो. ते ज्ञान जमाव जमल्यावर मिळवता येत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस सायकलस्वाराला सोडत नाही आणि विसर्जन त्याच दिवसांत येते. तासन्तास खोगिरावर बसल्याने अवयव बधिर होतात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलस्वार पोलिसांवर अभ्यास करून पुढचे टोक नसलेले खोगीर सुचवले, ते याचसाठी. लाठी, वायरलेस आणि रेनकोट अडकवायलाही सायकलवर सोय हवी.

सगळ्यात अवघड अडचण मात्र मानापमानाची. मोटारसायकलवरून उतरवून सायकलवर बसवले, तर शिपायाला ती शिक्षा वाटणार आणि नाक्यावरची पोरे हसणार. म्हणून सक्ती नको. सायकलची आवड असलेल्या, अंगाने धडधाकट पोलिसांकडूनच सुरुवात व्हावी. पन्हाळ्याचा घाट हौसेने चढणारे सायकलस्वार या शहरात काही कमी नाहीत, ते खाकीतही सापडतील. त्यांच्यासोबत अधिकाऱ्यानेही आठवड्यातून एक फेरी मारली तर हसणारे आपोआप गप्प होतील. याच पोलिसावर समन्स, पडताळणी आणि बंदोबस्त यांचे ओझे तसेच राहिले, तर मात्र सायकल चौकीच्या भिंतीला टेकून गंजेल.

म्हणून सुरुवात छोटी हवी : रंकाळ्याचा काठ आणि अंबाबाई मंदिराभोवतीच्या गल्ल्या, पावसाळा संपल्यानंतरचे महिने, दोघादोघांच्या जोड्या. किती फेऱ्या झाल्या याचा तक्ता भरण्यापेक्षा किती बोळ वेळेत मोकळे झाले आणि किती लोकांनी आपणहून येऊन काही सांगितले, याची नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी ती नोंद रिकामी निघाली तर प्रयोग बंद करायला संकोच नको, आणि भरलेली निघाली तर पुढच्या नवरात्राच्या बंदोबस्त आराखड्यात सायकलस्वार जोड्यांना जागा द्यावी.

(पुढील लेखांकात : ध्वनिक्षेपकावरून गर्दीशी कसे बोलावे)