जुनी गाडी हँडल का हलवते? एकेक करून शोधूया

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "घरातली जुनी स्प्लेंडर ५०च्या पुढे डुलते, काय बदलू?" माझ्याकडेही बाबांची २००६ची स्प्लेंडर प्लस आहे, म्हणून आज हाच विषय.

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथला नियम इथेही लागू होतो: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग चालवून बघा. टायर, कोनसेट, बुश सगळं एकदम बदललं तर पैसे जातात आणि बिघाड नेमका कुठे होता ते कळतच नाही.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. टायर थंड असताना हवा तपासा. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त हवा लागते, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा. ३२१६ म्हणजे २०१६चा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर कडक होतं आणि पावसात घसरतं. असा टायर सरळ बदला.

गाडी एका बाजूला ओढते? चेन ताणताना चाक तिरकं बसलेलं असू शकतं. ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात.

आता कोनसेट. गाडी मेन स्टँडवर लावा, मित्राला मागून दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं जाईल. हँडल हळू फिरवा. बरोबर मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. असं का होतं? आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो. प्रत्येक खड्ड्याचा दणका आतल्या गोळ्या त्याच जागी मारतात आणि तिथे खळगे पडतात. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. टक-टक जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. ब्रेक मारताना हँडलमध्ये "टक" होतं, तेही बहुतेक वेळा यामुळेच.

वळणावर मागचा भाग वेगळाच चालल्यासारखा वाटतो? मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ असेल तर स्विंगआर्मचा बुश किंवा चाकाचं बेअरिंग. स्विंगआर्मच हलत असेल तर बुश, नुसतं चाक हलत असेल तर बेअरिंग. स्पोकवर पान्याने हलकं वाजवा. बाकीचे "टिंग" आणि एखादा "ठप्प" वाजला तर तो ढिला.

शॉकअपच्या नळीवर तेल दिसलं तर ऑइल सील बदलायला टाका. ते तेल ब्रेकपर्यंत गेलं तर ब्रेकच लागणार नाही.

आणि हो, हँडल सोडून टेस्ट करायची नाही. हँडल डुलायला लागलंच तर घट्ट आवळू नका, जोरात ब्रेकही मारू नका. हळूहळू ॲक्सिलरेटर सोडा. घाट उतरताना, मागे आई बसलेली असताना हे लक्षात असू द्या.

हे सगळं तपासायला अर्धा तास पुरतो. गॅरेजमध्ये जाल तेव्हा "गाडी डुलते" एवढंच सांगू नका. "मध्ये अडकते, कोनसेट बघा" असं सांगा. पुढच्या भागात कार्बोरेटर. सांभाळून चालवा!