प्रश्नपेढी आणि उजळणी

माझी नात वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेस दुसऱ्यांदा बसत आहे. २०२५ साली या परीक्षेत प्रश्न २०० होते. अचूक उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ वजा. गेल्या खेपेस ती इंटरनेटवरील प्रश्नपेढीतले उत्तर आधी पाही आणि मान डोलावी. ही उजळणी नव्हे, नुसती ओळख होय. शाळेत मीही ‘पुन्हा वाचा’ एवढेच सांगत आलो! रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे ५ मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. आता ती आधी स्वतः उत्तर ठरविते, मग स्पष्टीकरण वाचून उरलेले पर्याय का त्याज्य, हे वहीत टिपते. मूत्रपिंडावरील एक प्रश्न काल तिसऱ्यांदा चुकला. तो रविवारी पुन्हा सोडवावयाचा आहे.