काळ्या पाण्यावर पांढरी कूज

कचऱ्याच्या डोंगरावर पाऊस पडला की पायथ्याशी काळपट, उग्र वासाचं पाणी पाझरू लागतं. शास्त्रज्ञ त्याला लीचेट म्हणतात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेलणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीत हे पाणी विहिरींत उतरलं आणि माणसं टँकरवर आली. शहरानं त्या गावांचं पाणी नासवलं, असंच मी म्हणेन.

ताज्या कचऱ्याचं लीचेट त्यामानानं सोपं असतं. त्यातली सेंद्रिय आम्लं जिवाणू खाऊन टाकतात. डेपो जुना झाला की खाण्याजोगं सगळं संपतं. मागे उरतात अमोनिया आणि ह्युमिक आम्लं. पाण्याला काळा रंग येतो तो या आम्लांमुळे. यांचे रेणू इतके मोठे आणि गुंतागुंतीचे असतात की नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पातले जिवाणू त्यांच्यापुढे हात टेकतात. पडद्यातून गाळून पाणी स्वच्छ मिळतं, पण सगळी घाण उरलेल्या दाट द्रावणात गोळा होते.

इथे बुरशी उपयोगी पडते. पडलेल्या ओंडक्याचं लाकूड पांढरं, तंतुमय, भुसभुशीत करणारी ‘पांढरी कूज’ ही बुरशीच करते. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन मुळापर्यंत मोडणं तिच्याइतकं कुणालाच जमत नाही. ह्युमिक आम्लांची घडण बरीचशी लिग्निनसारखीच असते. १९८३ साली ‘फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम’ या बुरशीत लिग्निन फोडणारं विकर सापडलं. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की हीच बुरशी डीडीटी आणि लिंडेनसारखी चिवट विषंही मोडते. बहुतेक विकरं कुलूप-किल्लीसारखी एका रेणूशी बांधलेली असतात. बुरशी मात्र आपली विकरं पेशीबाहेर सोडते, आणि ती समोर येईल त्या रेणूतला इलेक्ट्रॉन ओढून त्याला अस्थिर करतात. त्यामुळे आधी कधी न पाहिलेलं रसायनही तिच्या तावडीत सापडतं.

ट्युनिसजवळच्या जेबेल शकीर डेपोच्या लीचेटवर ट्युनिशियाच्या संशोधकांनी बुरशीचे प्रयोग केले आणि २००८ साली प्रसिद्ध केले. निम्मं पाणी मिसळल्यावर ‘लेंटिनस टायग्रिनस’ या बुरशीनं प्राणवायूची रासायनिक मागणी, म्हणजे घाणीचं माप असलेला सीओडी, सुमारे ९० टक्क्यांनी घटवला. लीचेट त्याहून दाट असलं की पांढऱ्या कुजीच्या बुरशांना ते सोसेना. माझ्या मते ९० या आकड्यापेक्षा ही मर्यादा अधिक बोलकी आहे, कारण डेपोवर रोज निघणारं लीचेट तेवढ्याच स्वच्छ पाण्यात कालवणं कुठल्याही पालिकेला परवडणार नाही.

अडचणी आणखीही आहेत. बुरशीला आंबट पाणी मानवतं, जुनं लीचेट अल्कधर्मी असतं. तिला पोसायला बहुधा वरून साखर द्यावी लागते, आणि ती साखर जिवाणू आधी पळवतात. प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये ही स्पर्धाच नसते. म्हणून बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातलं काम मला मोलाचं वाटतं. तिथे ‘ट्रॅमेटीस व्हर्सिकलर’ या बुरशीच्या गोळ्या हवेच्या झोतानं तरंगत्या ठेवून रुग्णालयाचं सांडपाणी निर्जंतुक न करता शुद्ध केलं गेलं आणि औषधांचे बरेच अंश त्यातून निघाले. लीचेट त्याहून कितीतरी जहाल असतं, पण बुरशीच्या गोळ्या करायच्या किंवा फोम वा लाकडाच्या ढलप्यांवर ती आधी घट्ट बसवायची, हा मार्ग इथेही चालण्याजोगा आहे. ढलप्यांनी तर आसराही मिळतो आणि खाद्यही.

अमोनियाचं काम मात्र जिवाणूंकडेच ठेवावं लागेल. लीचेटमधले जड धातू तर बुरशीलाही पचत नाहीत, ते तिच्या तंतूंना चिकटून राहतात. म्हणून वापरून झालेली बुरशी कुठे आणि कशी टाकायची, हे अशा प्रकल्पाच्या निविदेतच लिहिलेलं असायला हवं.