अर्धा मिलिमीटर

समृद्धी महामार्ग वैजापूर तालुक्यातून जातो. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या त्या रस्त्यावरून महागड्या स्पोर्ट्स कार जांबरगावचा टोलनाका ओलांडून निघून जातात. अशा गाड्यांची इंजिनं खोलून त्यांचे सीसी वाढवणं हे परदेशातल्या नामांकित गॅरेजांचं काम, असा आपला समज असतो. पण त्या कामाचा गाभा आपल्या तालुक्याच्या गावांतल्या लेथ-बोरिंगच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं चालत आला आहे. तिथल्या कारागिराला त्याचं श्रेय मिळत नाही, याची मला खंत वाटते.

इंजिन तेल खायला लागलं, निळा धूर मारू लागलं की मेकॅनिक हेड उतरवतो, ब्लॉक धुऊन बोरिंगला पाठवतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे तो सर्वांत जास्त खाल्लेला असतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ज्या बाजूला रेटतो, त्या बाजूची झीज अधिक. बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना फिरवून कारागीर निकाल देतो: ‘पंचवीसमध्ये निघणार नाही, पन्नास करावं लागेल.’ पन्नास म्हणजे ०.५० मिमी ओव्हरसाइज.

जाणता बोरिंगवाला आधी पिस्टन मागतो. डब्यावरच्या आकड्यावर तो विसंबत नाही, पिस्टन स्वतः मायक्रोमीटरने मोजतो. पिस्टन आणि भिंत यांच्यातली मोकळीकच मुळी काही शतांश मिलिमीटरची. ती कमी पडली तर तापलेला पिस्टन फुगून इंजिन सीझ होतं, जास्त झाली तर पिस्टन खडखडतो. बोरिंगचं टूल शेवटचे तीन-चार शतांश राखून थांबतं, ते होनिंगचे दगड काढतात. दगड फिरता फिरता वरखाली होतात आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा उमटतात. पूर्ण गुळगुळीत भिंतीवर तेल टिकत नाही. या रेघांत ते टिकतं, आणि नव्या रिंगाही त्यांच्यावरच बसतात.

झीज काढण्यासाठी केलेल्या या कामात इंजिनाचे सीसी वाढतातच. मुंबईच्या टॅक्सीमुळे घराघरांत माहीत झालेली प्रीमियर पद्मिनी घ्या: बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. बोअर एक मिलिमीटरने वाढवला की तेच इंजिन साधारण ११२२ सीसीचं होतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून बोअरमधली थोडी वाढही बरंच देते. लायनर बदलायची सोय असलेल्या ट्रॅक्टरांना हे लागू नाही. तिथे नवा लायनर बसला की माप पुन्हा मूळचं.

मुद्दाम सीसी वाढवायचे तर वाटा दोनच, आणि त्या समजून घ्यायला बजाजच्या पल्सरइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून याच जिल्ह्यात आहे. पल्सर १८० चा बोअर ६३.५ आणि स्ट्रोक ५६.४, म्हणजे १७८.६ सीसी. पल्सर २०० मध्ये स्ट्रोक तोच राहिला, बोअर ६७ झाला: १९८.८ सीसी. पल्सर २२० मध्ये बोअर तोच, स्ट्रोक ६२.४: २२० सीसी. आधी भोक रुंदावलं, मग पिस्टनची धाव लांबवली.

पोर्शे ९११ नेही हाच रस्ता धरला. १९६४ मध्ये विक्रीला आली तेव्हा तिचं इंजिन ८० बाय ६६ मिमीचं, १९९१ सीसीचं होतं. बोअर ८४ झाला आणि २१९५ सीसी मिळाले. नवा क्रँक येऊन स्ट्रोक ७०.४ झाला आणि आकडा २३४१ वर गेला. १९७३ च्या कॅरेरा आरएससाठी बोअर थेट ९० करून २६८७ सीसी काढले. त्या इंजिनाचे सिलिंडर सुटे असतात, त्यामुळे जुन्या ९११ चे मालक आजही ओव्हरहॉलच्या वेळी ९० मिमीचे सिलिंडर-पिस्टन बसवून २.४ लिटरचं इंजिन २.७ चं करून घेतात.

ओतीव ब्लॉकमध्ये इतकी सूट नसते. दोन सिलिंडरांमधली भिंत पातळ झाली की हेड गॅस्केटला धरायला जागा उरत नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही. स्ट्रोक वाढवला तर पिस्टन वाढीच्या निम्मा वर आणि निम्मा खाली जातो; पिनची उंची किंवा रॉडची लांबी बदलली नाही तर तो हेडला धडकेल. चेंबर तेवढाच राहून सिलिंडर मोठा झाला की कॉम्प्रेशन वाढतं आणि साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करतं. मोठ्या इंजिनाला हवाही जास्त लागते, म्हणून व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर तेच ठेवून केलेली वाढ वरच्या वेगात फारशी जाणवत नाही. मिळतो तो खालचा पिकअप. सीसी वाढवून घेणाऱ्याला हे सगळं आधी सांगणारा कारागीरच मी खरा मानतो.

आणि कायदा. आरसी बुकात सीसीची नोंद असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंद विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्याचे टप्पेही ७५, १५० आणि ३५० सीसीवर बदलतात.

पोर्शेने ९० मिमीचा बोअर साधला तो निकॅसिल या निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ, कठीण मुलाम्यामुळे. आता असा मुलामा मोटारसायकलींतही येतो. त्याच्यावर नेहमीचं बोरिंग चालत नाही. सिलिंडर झिजला की पिस्टनसकट नवा घ्यायचा किंवा पुन्हा मुलामा चढवून आणायचा, आणि गावातल्या शेडमध्ये त्याची सोय नाही. जुने ओतीव लोखंडाचे ब्लॉक मात्र अजून बोरिंगला येतात. तुमचा नेणार असाल तर पिस्टनचा सेट सोबत न्या, आणि तो तुमच्यासमोर मोजायला सांगा.